शिंगांचा हिशेब

“ग्राफ नाही दिलास म्हणे त्याला.”

करीच्या संध्याकाळी मामा एवढंच म्हणाले आणि पुन्हा आभाळाकडे बघत राहिले. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस पतंगांचे. गच्च्यांवर माणसं, गल्लीत हलकडीचा ठेका, आणि आमच्या घरचे दोन्ही माग बंद. फिरत असते ती फक्त आसारी. रेशमाची लड उकलायला विणकराच्या घरी लागते ती आसारी, आणि येवलेकर पतंगाचा दोरा जिच्यावर गुंडाळतात तीही आसारीच. बाहेरगावच्या माणसाला फिरकी ठाऊक असते, आसारी नसते. मला हा शब्द फार जवळचा वाटतो. एका धंद्यातली वस्तू अख्ख्या गावाच्या सणात कशी जाऊन बसली, ते त्यात दिसतं.

ज्याला मी ग्राफ दिला नव्हता तो शेजारच्या घरातला. त्याचा माग आणि आमचा माग यांच्यामध्ये एकच भिंत. लहानपणापासून मी त्याला दादा म्हणत आले. त्याला हवा होता माझ्या काळविटाचा ग्राफ, म्हणजे चौकटींच्या कागदावर मांडलेली नक्षीची मोजणी.

आमच्याच तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळविटांसाठी राखीव संवर्धन क्षेत्र आहे. पैठणीच्या पदरावर मोर आहे, मुनिया आहे, पोपट आहे, कमळ आहे. ज्या मातीत आता ही पैठणी विणली जाते तिथला प्राणी मात्र नाही, हे मला शिकायला पुण्यात असताना खुपायला लागलं. परत आले आणि काळवीट काढायला बसले. अंग सोपं. शिंगांनी घाम काढला. काळविटाचं शिंग पीळ घेत वर जातं, आणि मागावर पीळ नसतो, पायऱ्या असतात. पायऱ्या इतक्या बारीक कराव्या लागतात की डोळ्याला त्या वळण वाटाव्यात.

पैठणी न विणलेल्या वाचकासाठी थोडं सांगते. पारंपरिक पदरावरची नक्षी जॅकार्डच्या पत्त्यांनी उठत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली असते. विणकर ताण्याच्या तारा मोजतो, तेवढ्यांतूनच ती तिल्ली घालतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो आणि पुढची तिल्ली उचलतो. एका आडव्या ओळीत अशा डझनावारी तिल्ल्या. मग फणी ठोकायची आणि पुढची ओळ. म्हणून खऱ्या पैठणीचा पदर उलटा धरला तरी मोर मोरच दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत. साध्या साडीला महिना-दोन महिने, भरलेल्या पदराला सहा महिने, कधी वर्षही जातं. सगळी कला त्या मोजणीत असते. मोराच्या मानेची मोजणी पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे, विणकर ती डोळे मिटून सांगेल. काळविटाच्या शिंगाची मोजणी जगात कुणाकडे नव्हती. ती मी बसवली.

“सहा महिने घातले मी, मामा. आणि त्यानं उभ्या उभ्या मागितला.”

“मग काय बसून मागायला हवा होता?”

मामा चिडले नव्हते. ते चिडले की बोलतच नाहीत.

“मला बांगडी मोर कुणी शिकवला, माहीत आहे ना तुला? त्याच्या आजोबांनी. माझा बाप काठ विणायचा, त्याला पदर यायचा नाही. मी बारा-तेरा वर्षांचा. भिंतीपलीकडून मोजणी ऐकू यायची. म्हातारा मोठ्यानं मोजायचा. तीन सोड, पाच घे, दोन सोड. मी इकडे कांड्या भरता भरता ऐकायचो. एक दिवस त्यांनीच हाक मारली. म्हणाले, ऐकतोस तर इकडे येऊन ऐक. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून त्यांच्या शेजारी बसलो, तो वर्षभर बसलो. पैसा घेतला नाही. त्याच्या नातवाला आज माझी भाची नाही म्हणते.”

याला उत्तर देणं सोपं नव्हतं, पण माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते आजही मला खोटं वाटत नाही.

“तेव्हा मोजणी भिंतीपलीकडे जात होती, मामा. आता ती देशभर जाते. दादा विणेल, विकेल, घेणारी फोटो काढेल, आणि चार आठवड्यांत माझं काळवीट यंत्रमागावर छापाच्या गणपतीसारखं निघायला लागेल. माझ्या कुयरीच्या काठाचं काय झालं ते तुम्ही पाहिलंत. एका मोठ्या शहरातल्या दुकानात तीच कुयरी, आणि पाठीमागून धागे कापलेले. दुकानदाराला वाटलं असेल, पैठणीची नक्षी म्हणजे कुणाचीच नाही.”

“पाहिलं मी.”

“मग मी डिझाइनची नोंदणी का करू नये? २००० सालचा कायदा आहे. दहा वर्षं हक्क मिळतो, वर आणखी पाच वाढवता येतात. अट एकच, नक्षी नवी हवी, आधी जगापुढे गेलेली नको. अर्ज करायच्या आत साडी बाजारात गेली की संपलं. म्हणून नाही म्हटलं त्याला.”

“आणि पैठणीला जो शिक्का मिळालाय, सरकारचा?”

मामा भौगोलिक निर्देशनाबद्दल विचारत होते. पैठणीला तो मिळून आता बरीच वर्षं झाली. त्यासाठीचा कायदा १९९९ चा, म्हणजे डिझाइनच्या कायद्याच्या फक्त एक वर्ष आधीचा. मी त्यांना दोन्ही समजावून सांगितले, आणि सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा नीट दिसले. भौगोलिक निर्देशनाचा हक्क कुणा एकाचा नसतोच. तो विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. कायद्यानंच मनाई आहे. तो त्या मुलखातल्या सगळ्या करणाऱ्यांचा. पण तो राखतो पैठणीचं नाव. पदरावर मोर आहे की काळवीट, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डिझाइनचा कायदा नेमका उलटा. त्याला गाव दिसत नाही, गल्ली दिसत नाही. त्याला अर्जदार दिसतो. तो हक्क विकता येतो, परवान्यानं देता येतो, आणि मुदत संपली की जो उचलेल त्याचा.

“म्हणजे एक सगळ्यांचा, तो विकायचाच नाही,” मामा म्हणाले, “आणि एक एकट्याचा, तो कुणालाही विकावा. म्हाताऱ्यानं मला जे दिलं ते यातल्या कुठल्या कायद्यात बसतं?”

बसत नाही. म्हाताऱ्यानं दिलेली गोष्ट फुकट नव्हती. मामांनी पुढे पाच जणांना पदर शिकवला, त्यातला एक आता नागडे गावात स्वतःचे माग चालवतो. कुणी तसं लिहून घेतलं नव्हतं. पण मामांनी जर शिकवायला नकार दिला असता, तर त्या गल्लीत त्यांना मान वर करून चालता आलं नसतं. देणाऱ्यानं मागायचं नाही आणि घेणाऱ्यानं विसरायचं नाही, अशी ती रीत. दोन कायद्यांच्या मधल्या त्या जागेला आपल्याकडे कलम नाही.

अंधार पडला, पतंग उतरले. आम्ही खाली आलो. मामी चहा टाकत होत्या. विषय सुटला नाही.

“बरं, मला सांग,” मामांनी विचारलं, “बांगडी मोर पहिला कुणी काढला?”

“माहीत नाही.”

“आसावली? नारळी काठ? अजिंठ्याचं कमळ भिंतीवरून मागावर कुणी आणलं?”

“माहीत नाही, मामा. आणि याचा तुम्हाला अभिमान वाटतो, मला वाईट वाटतं. ज्यानं पहिल्यांदा बांगडीच्या गोलात मोर बसवले त्यालाही माझ्यासारखाच घाम फुटला असेल. गोल बसवणं म्हणजे शिंगापेक्षा अवघड. त्याचं नाव राहिलं नाही. पेशव्यांनी कुठल्या रंगाचे दुपट्टे मागवले त्याचं पत्र राहतं. विणणारा राहत नाही. तुम्ही याला गल्लीची कला म्हणता. मला वाटतं, गल्लीनं त्याला गिळला.”

“गिळला नाही. जिरवला. तो आमच्या हातात आहे.”

हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे, कारण ते सुंदर आहे आणि कारण ते मला पटत नाही. हातात राहणं आणि नावानं राहणं यांतलं एक निवडायला लावणं हा मला अन्याय वाटतो. मी मामांना गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल सांगितलं. वारल्यांकडे लग्नाचा चौक सवाशिणी काढत. तो भिंतीवर असे, लग्नापुरता असे, आणि खाली सही नसे. मशे पुरुष, आणि त्यांना लग्नावाचूनही चित्र काढायचं होतं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन त्या भागात पोचले, आणि या माणसाचा हात जगानं पाहिला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

“रीत मोडली त्यांनी,” मी म्हटलं. “जमातीला विचारत बसले असते तर वारली चित्र डहाणूच्या झोपड्यांबाहेर आलं नसतं.”

“बरोबर आहे. आणि त्यांनी कागदावर काय काढलं?”

“म्हणजे?”

“स्वतःचा फोटो काढला का? तारपा काढला, भात काढला, मासेमारीचं जाळं काढलं. सगळ्या जमातीचं जगणं काढलं. पुढे मुलांनाही शिकवलं. त्या भागात आज किती घरं त्यावर जगतात. रीत मोडली ती दार उघडायला. तू कशाला मोडतेस?”

मी गप्प झाले. खरं सांगायचं तर त्या वेळी मला राग आला होता, कारण माझ्या मनात जी गोष्ट उत्तर म्हणून तयार होती ती त्यांच्याच बाजूची निघाली. न्यूझीलंडच्या माओरी लोकांमध्ये हरकेके नावाच्या रोपाच्या पानांपासून विणकाम करतात. ते त्या रोपाला कुटुंब मानतात. मधला कोंब म्हणजे मूल, त्याच्या दोन्ही बाजूंची पानं म्हणजे आईबाप. ही पानं कधी कापायची नाहीत. कापायची ती बाहेरची, आजी-आजोबांची. आणि शिकणाऱ्यानं विणलेली पहिली वस्तू स्वतःकडे ठेवायची नाही, देऊन टाकायची.

मामांना हे फार आवडलं. “बाहेरची पानं कापा, म्हणजे आमच्याकडून घ्या. कोंबाला हात लावू नका. हे त्यांना कळलं आणि आपल्याला सांगावं लागतं.” मग थोडं थांबून, “तुझी पहिली साडी कुठे आहे?”

“कोटमगावला. देवीला नेसवली आजीनं.”

“मग?”

“देवीला देणं वेगळं, मामा. देवी यंत्रमाग टाकत नाही.”

इतका वेळ मामी काही बोलल्या नव्हत्या. त्या रहाटापाशी बसल्या होत्या. कर असली तरी उद्याच्या कांड्या आज भरायच्या असतात. रहाट थांबवून त्यांनी मामांकडे पाहिलं.

“त्याच्या आजोबांनी तुम्हाला बोलावलं. मी पण ऐकत होते की मोजणी. माझ्या माहेरच्या भिंतीलाही पलीकडे माग होता. मला कुणी हाक मारली?”

मामा काही म्हणाले नाहीत.

“लग्न होऊन आले, तेव्हा मला कांड्या भरायला बसवलं. सांधणी शिकवली. जुन्या ताण्याच्या एकेका तारेला नव्या ताण्याची एकेक तार पीळ देऊन जोडायची, हजारो तारा, ते माझं काम. आणि तुमची नजर अधू झाली, तेव्हापासून रात्री मुनियाची रांग कोण विणतं? गेल्या पाच साड्यांचे अर्धे पदर माझे आहेत. साडीला जी चिठ्ठी लागते तिच्यावर विणकर म्हणून कुणाचं नाव असतं? हिला म्हणता, गल्लीचं देणं फेड. फेडावं तिनं. पण गल्लीनं माझं कधी फेडायचं ते पण सांगा.”

सगळ्या संभाषणात मला कुठे काही नवं कळलं असेल तर ते इथे. मी आणि मामा इतका वेळ ‘एकटी’ विरुद्ध ‘सगळे’ असा वाद घालत होतो, आणि ‘सगळे’ म्हणजे कोण, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. पैठणीला लागणारे हात मोजले तर निम्म्याहून अधिक बायकांचे निघतील. रेशीम उकलणं, कांड्या, तिल्ल्या, सांधणी. आता येवल्यात कितीतरी बायका मागावर बसतात, पदरही विणतात. पण बसल्यावरही नाव बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाचं. ज्याला मामा ‘जिरवणं’ म्हणत होते, ते बाईच्या बाबतीत तिला विचारल्यावाचून, रोजच्या रोज होत आलंय. मामींना तो शब्द सुंदर वाटण्याचं काही कारण नाही.

आणि येवल्याला तरी हा प्रश्न नवा आहे का? गावाची परंपरा सांगते की रघोजी नाईकांनी विणकर बोलावून आणले, त्यांना जागा दिल्या, म्हणून इथे माग आले. नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियर सांगतं की पुढे इथल्या रेशीमकामाची मक्तेदारी झाली. बाहेरच्या कुणाला हा धंदा सुरू करायचा तर आधीच्या मंडळींना रक्कम भरावी लागे. ज्यांना स्वतःला बोलावून दार उघडून दिलं होतं, त्यांनी ते आतून लावून घेतलं. इंग्रजांच्या काळात कोर्टानं ती मक्तेदारी मोडली आणि मग मागांची संख्या वाढली. तेव्हाही आतले लोक म्हणत असतील, ही आमची सगळ्यांची कला आहे. ‘आमची सगळ्यांची’ हे शब्द बोलणाऱ्याला मोकळे वाटतात. दाराबाहेरच्याला ते कसे ऐकू येतात, हे बाहेर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मी मामांना म्हटलं, “तुम्ही समाजाचं देणं म्हणता. याच गावात एका माणसानं समाजाला सांगितलं होतं की तुमचं माझं काही देणं नाही. १३ ऑक्टोबर १९३५.”

मामा उठून बसले. येवल्यात ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मुक्तिभूमी गावातच आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला नाशिकला सुरू झाला, साडेपाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. येवल्याच्या परिषदेला सुमारे दहा हजार माणसं जमली. तिथे बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की जन्म आपल्या हातात नव्हता, पण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि मंदिरप्रवेशाचा लढा थांबवायचं ठरलं.

“ज्या समाजानं पाणी दिलं नाही,” मी म्हणाले, “त्यानं त्या माणसाच्या विद्वत्तेवर हक्क सांगायचा का? कोलंबिया विद्यापीठ, लंडन, बॅरिस्टरी. त्यांनी ते सगळं स्वतःसाठी वापरलं असतं तर कुणाला बोट दाखवता आलं असतं?”

मामा बराच वेळ थांबून बोलले. “आमचा बाप सांगायचा, ती परिषद आमच्या लोकांनी पाहिली नाही. गावात होती आणि गेले नाहीत. ते आमचं चुकलं. त्याबद्दल मी तुझ्याशी वाद घालणार नाही. पण एक सांग. घोषणा १९३५ ला झाली. मग त्यांनी धर्म कधी बदलला?”

“१४ ऑक्टोबर १९५६.”

“एकवीस वर्षं आणि एक दिवस. घोषणा ‘मी’ अशी केली होती ना? मग दुसऱ्या दिवशी का नाही बदलला? कुणी अडवलं होतं?”

मला हे कधी अशा रीतीनं दिसलं नव्हतं. घोषणेत ‘मी’ होता. पुढच्याच वर्षी, मे १९३६ मध्ये, मुंबईत परिषद भरवून त्यांनी तो प्रश्न आपल्या लोकांसमोर विचारासाठी ठेवला. वाचत राहिले, धर्म तपासत राहिले. आणि गेले ते नागपूरला लाखोंना बरोबर घेऊन. ज्या समाजानं दार लावलं त्याचं देणं त्यांनी नाकारलं. ज्यांच्यासाठी दार लागलेलं होतं, त्यांचं देणं एकवीस वर्षं डोक्यावर वागवलं. हे दोन वेगळे समाज आहेत. आपण दोघांनाही तोच शब्द वापरतो आणि मग गोंधळतो.

माझ्या काळविटाची त्या घोषणेशी मी तुलना करत नाही. तशी तुलना करणं शोभणारही नाही. पण प्रश्नाला धार लावायची तर याच गावाच्या सहाणेवर लावावी लागते. तुझ्या गुणावर समाजाचा हक्क आहे, असं जेव्हा कुणी सांगतं, तेव्हा मला आता दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. या समाजात खड्ड्यात पाय सोडून बसायला कोणाकोणाला जागा आहे? आणि जो घेणार आहे, तो पुढे कुणाला शेजारी बसवणार आहे? पहिल्या प्रश्नाला मामांकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्याला माझ्याकडे नव्हतं.

जेवणं झाली. मामा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

“नोंदणी कर,” ते म्हणाले. “तुझ्या नावानं कर. यंत्रमागवाल्यानं उचललं तर त्याला कागद दाखवता आला पाहिजे, हे बरोबर आहे. कुलूप लावायचं तर गल्लीच्या तोंडाला लाव. घराघरांत लावू नकोस.”

“आणि दादाला दिला, त्यानं बाहेर दिला तर?”

“मग ते त्याच्या तोंडावर बोलायचं. कायद्यानं भांडायला तू त्याच्या आजोबाचं तोंड पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय.”

“माझी एक अट आहे,” मी म्हटलं. “ग्राफ कागदावर देणार नाही. शेजारी बसवून शिकवीन. आणि तो एकटा बसणार नाही, वहिनीनंही बसायचं. मोजणी दोघांना यायला हवी. साडी झाली की चिठ्ठीवर दोघांची नावं.”

मामांनी मान हलवली. होकार होता की विचार, मला कळलं नाही. जाता जाता म्हणाले, “आपल्या चिठ्ठीवर आधी.” आणि आत मामींना काहीतरी सांगितलं. त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, रहाट मात्र बराच वेळ थांबलेला होता.

नोंदणीचा अर्ज मी भरते आहे. त्यात नक्षीवर हक्क सांगणाऱ्याचं नाव लिहायला एक रकाना आहे. माझं नाव लिहिताना मला संकोच वाटत नाही. ती शिंगं मी बसवली. पण काळवीट ज्या जागेवर उभं आहे ती जरीची जमीन, त्याच्या पायाखालचा वेल, त्याच्या भोवतीची नारळीची किनार, रंगात रंग अडकवण्याची रीत, यातलं काही माझं नाही, आणि त्यासाठी त्या अर्जात रकाना नाही. एखाद्या दिवशी तो असावा असं मला मनापासून वाटतं. डिझाइन एकाचं आणि ते वापरायचा हक्क तालुक्यातल्या नोंदलेल्या विणकरांच्या संस्थेचा, शिकवण्याच्या अटीवर, असं काही लिहून करता येईल का, याची मी चौकशी करते आहे. वकील म्हणतात, करार करता येईल. मामा म्हणतात, तोंडी होता तोवर बरा होता. मामी म्हणतात, लिहूनच करा. तोंडी होतं म्हणून मी राहिले.

करीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले. आमच्या मोठ्या मागावर नवा ताणा चढवायचा होता. मामी सांधणीला बसल्या, तार तारेला लागत गेली. मी दुसऱ्या मागावर. अर्धं काळवीट संक्रांतीच्या आधीचं तसंच थांबलं होतं, शिंगाच्या तिसऱ्या पिळापाशी. दादाकडे अजून निरोप गेला नव्हता. संध्याकाळी मामा जाणार होते. भिंतीपलीकडे त्याची फणी ठोकली जात होती, रोजच्या तालात.

मी एरवी मनात मोजते. पुण्यात शिकले त्यांना तीच सवय. ग्राफ समोर लावलेला असतो, ओठ हलवायची गरज नसते. त्या सकाळी काळी तिल्ली उचलली आणि मोठ्यानं म्हटलं, दोन सोड, तीन घे. एक सोड, चार घे. पुढच्या ओळीला, तीन सोड, तीन घे. आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला. मामींनी वर बघितलं आणि पुन्हा तारांकडे वळल्या.

चौथ्या-पाचव्या ओळीला पलीकडची फणी थांबली.

मी विणलेल्या ओळी बोटानं चाचपल्या, तिसऱ्या पिळाच्या मुळाशी आले आणि तिथून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, मघापेक्षा सावकाश.